हालचालीचं धोरण आणि संशोधनाचा पुरावा: बांधून झाल्यावर मोजायचं की आधी?

पायवाट

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडतोय. थोडं लांबेल.

आरोग्यधोरणासाठी टिपणं तयार करणं हे माझं काम. एखाद्या विषयावर जगात काय संशोधन झालंय ते वाचायचं आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे दोन पानांत ठेवायचं. शारीरिक हालचाल हा विषय माझ्याकडे बरीच वर्षं आहे. बैठकीत मी फायदे सांगायला लागलो की सगळे माना डोलावतात. हृदयविकार, मधुमेह, काही कर्करोग, नैराश्य, सगळं मान्य. मग कोणीतरी विचारतं, "बरं, मग आम्ही नेमकं करायचं काय?" तिथे माझं टिपण एकदम पातळ होतं.

फायद्यांचा पुरावा भक्कम आहे आणि जुनाही आहे. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जेरी मॉरिस या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असायचा, वाहक मात्र जिना चढत-उतरत ५०० ते ७५० पायऱ्या रोज करायचा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी जीव जाण्याचं प्रमाण कमी. मला त्यांचं त्यापुढचं काम जास्त भावतं. मुळात स्थूल माणसंच चालक होत असतील तर? ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि थेट गणवेशाच्या नोंदी काढल्या. कुणाला कंबरेच्या कोणत्या मापाची विजार दिली, ते पाहिलं. १९५६ साली ते छापलं: अगदी तरुण वयातही चालकांच्या विजारी जास्त रुंद होत्या. म्हणजे शंका खरीच होती. पुढे बांधा लक्षात घेऊन पुन्हा तपासलं, तरी वाहकांचा फायदा टिकला. आपल्याच निष्कर्षावर इतक्या कसोशीनं शंका घेणारा माणूस पाहिला की आदर वाटतो.

पण 'हालचाल चांगली' हे कळलं म्हणून लोक हलत नाहीत. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये १६३ देशांतल्या ५०७ सर्वेक्षणांचा एकत्रित हिशेब आला. पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००० साली २३.४ टक्के, २०१० साली २६.४ आणि २०२२ साली ३१.३ टक्के. माणसं मोजायची तर सुमारे १८० कोटी. पुरावा वाढत गेला आणि हालचाल कमी होत गेली, दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या प्रकारचा पुरावा, म्हणजे 'काय केलं की लोक जास्त चालतात', हा तोकडा आहे. माझ्या मते त्याचं मोठं कारण असं की आपण आधी बांधतो, उद्घाटन करतो, आणि मग कोणीतरी विचारतं की उपयोग झाला का. आधीची स्थिती कुणी मोजलेलीच नसते. तुमच्या कामात हे कसं दिसतं?

मोजपट्टी

चांगला धागा. मी सर्वेक्षणाच्या कामात आहे, त्यामुळे 'मोजणं' या शब्दावरच आधी बोलते.

जागतिक आरोग्य संघटनेची जी प्रश्नावली बऱ्याच देशांत वापरतात, ती काम, प्रवास आणि फावला वेळ हे तीन भाग वेगवेगळे विचारते. असं का, हे मला एका घरात कळलं. मी सवयीनं विचारलं, "व्यायाम करता का?" त्या बाई हात पुसत म्हणाल्या, "छे हो, व्यायामाला वेळ कुठला." मग मी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला: कामाचा भाग म्हणून श्वास थोडा वाढेल अशी हालचाल किती वेळ होते? त्या बोटांवर मोजायला लागल्या. पाणी भरणं, ओझं वाहणं, दुसऱ्यांच्या घरी फरशी पुसणं, येता-जाता पायी. आठवड्याची बेरीज प्रौढांसाठी शिफारस केलेल्या किमान १५० मिनिटांच्या कितीतरी पुढे गेली. मी नुसता 'व्यायाम' विचारला असता तर त्या निष्क्रिय म्हणून नोंदल्या गेल्या असत्या.

उलटंही होतं. खुर्चीत बसून काम करणारे 'रोज अर्धा तास चालतो' म्हणतात, आणि आठवडाभर कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावलं की तो अर्धा तास आठवड्यातून दोनदाच सापडतो. यंत्रालाही मर्यादा आहेत. कमरेवरच्या पट्ट्यातल्या त्या छोट्या डबीला सायकल चालवणं नीट कळत नाही, आणि पोहताना तर ती काढूनच ठेवतात. म्हणून टक्केवारी वाचताना ती प्रश्न विचारून काढली की यंत्रानं, हे आधी पाहावं. दोन्हींची तुलना करून 'हालचाल घटली' असं म्हणणारी सादरीकरणं मी पाहिली आहेत.

चौरस्ता

मी रस्ते आखतो. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

आरोग्य विभागाकडून आमच्याकडे टिपण येतं: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी. बरं. माझ्यासमोर ठरावीक रुंदीचा रस्ता असतो आणि त्यातले सेंटिमीटर मी वाटत असतो. गाड्यांना किती, बसथांब्याला किती, पदपथाला किती. १५० मिनिटांचं मी काय करू? गाड्यांसाठी माझ्याकडे मोजणी असते, पुढच्या वीस वर्षांचा अंदाज असतो, वाचलेल्या वेळाचा हिशेब असतो. चालणाऱ्यांसाठी एक छान परिच्छेद असतो. आकडे आणि परिच्छेद समोरासमोर आले की काय होतं ते सांगायला नको.

दुसरं, एक खंत. मी पूर्वी ज्या कार्यालयात होतो तिथे एका वर्षी बागांमध्ये ओपन जिम बसवायचं ठरलं. मी विचारलं, आत्ता बागेत कोण येतं, किती वेळ थांबतं, हे दोन आठवडे लिहून ठेवूया का? उत्तर आलं, "त्याला तरतूद नाही." यंत्रं बसली. दोन वर्षांनी अहवाल मागितला गेला आणि त्यात बसवलेल्या यंत्रांची संख्या लिहिली. माणसांची संख्या कुठेच नव्हती. ती यंत्रं वाईट होती असं मी म्हणत नाही. चांगली होती की वाईट हे मला आजही सांगता येत नाही, त्याचंच वाईट वाटतं.

पायवाट

चौरस्ता, राग कसला, अगदी हेच ऐकायचं होतं. तुमच्या पहिल्या मुद्द्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 'हीट' नावाचं एक साधन केलंय. किती लोक किती चालतात किंवा सायकल चालवतात हे त्यात भरलं की टळणाऱ्या मृत्यूंचं पैशातलं मोल ते काढून देतं. म्हणजे परिच्छेदाच्या जागी आकडा येतो, आणि तो तुमच्या वाचलेल्या वेळाच्या हिशेबाशेजारी मांडता येतो. मात्र त्यात घालायला मोजणी लागतेच. फिरून तिथेच येतो आपण.

आता बांधकामाचा परिणाम तपासणाऱ्या ज्या अभ्यासानं माझं काम करण्याची पद्धत बदलली, त्याबद्दल लिहितो. ब्रिटनमध्ये कार्डिफ, केनिलवर्थ आणि साउदॅम्प्टन या तीन ठिकाणी चालण्या-सायकलीसाठी नवे मार्ग आणि पूल झाले. संशोधकांनी काम पूर्ण होण्याआधी, २०१० साली, आसपासच्या रहिवाशांना प्रश्नावली पाठवली. मग एका वर्षानं पुन्हा आणि दोन वर्षांनी पुन्हा. एका वर्षानंतर काय दिसलं? जवळ राहणारे लोक नवा मार्ग वापरत होते, पण त्यांची एकूण हालचाल वाढलेली दिसली नाही. दोन वर्षांनंतर मात्र चित्र पालटलं. मार्गापासून घर दर किलोमीटर जवळ असेल तसं आठवड्याचं चालणं-सायकल सरासरी १५ मिनिटांनी जास्त वाढलेलं होतं, आणि एकूण हालचालही वाढली होती. दुसरीकडची हालचाल कमी करून ही भर पडलेली नव्हती.

विचार करा, वार्षिक आढाव्यातच हा प्रकल्प 'निष्फळ' ठरला असता. लोकांना वाट बदलायला वेळ लागतो. घर, नोकरी, मुलांची शाळा, सगळं जुन्या वाटेवर बेतलेलं असतं. आपले आढावे आर्थिक वर्षाच्या गतीनं चालतात आणि सवयी त्या गतीनं चालत नाहीत.

उलटतपासणी

दोन शंका आहेत, प्रामाणिकपणे विचारतो.

पहिली, ज्यांना चालायला आवडतं तेच लोक चालण्याजोग्या वस्तीत घर घेतात. मग वस्तीमुळे चालणं वाढलं असं कसं म्हणायचं? ही तर मॉरिस यांच्या विजारींचीच शंका झाली.

दुसरी, औषधाच्या बाबतीत आपण चिठ्ठ्या टाकून दोन गट करतो, तेव्हा कुठे विश्वास ठेवतो. इथे त्याहून कमी पुराव्यावर सार्वजनिक पैसा का घालायचा? आणि शेवटी हलायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न नाही का?

पायवाट

विजारींची उपमा आवडली, आणि शंका रास्त आहे. तिच्यावर ऑस्ट्रेलियात पर्थला चांगलं काम झालंय. तिथे 'लिव्हेबल नेबरहूड्स' नावाची नगररचनेची नियमावली १९९८ पासून राबवायला घेतली. संशोधकांनी ७३ नव्या वसाहतींत घर बांधणाऱ्या लोकांना जायच्या आधीच गाठलं आणि राहायला गेल्यावर पुन्हा विचारलं. माणूस तोच, बदलली फक्त वस्ती. चालत जाण्याजोगी दुकानं, थांबे अशा ठिकाणांचा एकेक प्रकार वाढला तसं कामानिमित्त चालणं आठवड्याला ५.८ मिनिटांनी वाढलं. बाग, समुद्रकिनारा अशा मोकळ्या जागांचा एकेक प्रकार वाढला तसं फिरण्यासाठीचं चालणं १७.६ मिनिटांनी. आवडीनिवडीचा परिणाम यानं पूर्ण पुसला जात नाही, पण 'चालणारेच तिथे जातात' एवढंच उत्तर यापुढे पुरत नाही.

त्याच कामातून निघालेला पुढचा निष्कर्ष मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. नियमावलीत जे लिहिलं होतं त्यातलं जमिनीवर किती उतरलं, हे त्यांनी वसाहत-वसाहत फिरून तपासलं. सरासरी निम्म्याहूनही कमी, ४७ टक्के. आणि अंमलबजावणी दर १० टक्क्यांनी वाढली की वस्तीत कामानिमित्त चालण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. समजा त्यांनी नुसतं 'धोरण लागू असलेल्या' आणि 'नसलेल्या' वसाहतींची तुलना केली असती. मग फरक पुसट दिसला असता आणि दोष धोरणाच्या माथी आला असता.

चिठ्ठ्यांबद्दल: रस्ता कुणाच्या दारात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवता येत नाही. तसं शक्य नसतं तेव्हा बदल होतच असतो तिथे आधी-नंतर मोजायचं आणि बदल न झालेल्या तशाच जागेशी ताडून पाहायचं. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं २०१२ साली त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. गोळीसाठी लागतो तसाच पुरावा पदपथासाठी मागितला तर पदपथ कधीच होणार नाही. रुंद केलेल्या रस्त्यासाठी मात्र तो कुणी मागत नाही.

दिवेलागण

'ज्याचा त्याचा प्रश्न' यावर मला लिहायचंय.

मी सोळा वर्षं रात्रपाळी आणि दिवसपाळी आलटून-पालटून केली. थांब्यापासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट. उजेड असताना मी ती चालत यायचे. दिवे बंद असले की कुणाच्या तरी गाडीवर मागे बसायचे, नाहीतर वाहनाची वाट बघत उभी राहायचे. माझी इच्छा दोन्ही दिवशी सारखीच होती. पायवाट यांनी दिलेल्या २०२२ च्या आकड्यांत स्त्री-पुरुष वेगळे काढले तर पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रिया ३३.८ टक्के आणि पुरुष २८.७ टक्के आहेत. या फरकाला इच्छाशक्तीचं नाव देऊ नका, एवढीच विनंती. प्रश्नावलीत 'का चालत नाही' याचं उत्तर 'वेळ नाही' असं लिहिलं जातं, कारण 'भीती वाटते' हे अनोळखी माणसासमोर म्हणवत नाही.

मोजपट्टी

दिवेलागणताई, हे वाचून थांबले. आमच्या प्रश्नावलीत तो पर्याय शेवटून दुसरा आहे. तिथवर पोचेपर्यंत लोकांनी उत्तर देऊन टाकलेलं असतं.

उलटतपासणी यांच्या प्रश्नाला आणखी एक जोड. जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८५ साली मांडलेला विचार इथे लागू पडतो. जास्त धोक्यातली मूठभर माणसं शोधून त्यांच्यावर उपचार करणं हा एक मार्ग. सगळ्या समाजाची सरासरी थोडीशी सरकवणं हा दुसरा. दुसऱ्यात एकेका माणसाला फायदा इवलासा वाटतो, पण एकूण आजार जास्त टळतात. आठवड्याची १५ मिनिटं एका माणसाच्या तपासणीत दिसणारही नाहीत. अख्ख्या वस्तीत ती दिसतात.

खडूफळा

मी शिक्षक. मुलांचा विषय अजून आला नाही म्हणून लिहितो. १४६ देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून निघालेला आकडा आहे की २०१६ साली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं हालचालीची रोजची ६० मिनिटं गाठत नव्हती. यावर उपाय म्हणून आम्हाला दरवर्षी काय येतं, तर एक दिवस. त्या दिवशी मैदान भरतं, छायाचित्रं निघतात, आणि त्याच आठवड्यात परीक्षेच्या सरावासाठी खेळाचा तास गणिताला जातो. मोठ्या क्रीडास्पर्धा भरवल्या की लोक आपोआप खेळायला लागतात, हाही असाच एक समज. २०१० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा स्पर्धांच्या परिणामांवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता. यजमान लोकसंख्येला आरोग्याचा फायदा झाला असं म्हणण्याइतका पुरावा त्यात सापडला नाही.

माझा प्रश्न: पुरावा पाहून एखादी गोष्ट *थांबवली* असं कुठे झालंय का? नवी योजना सुरू करायला सगळे तयार असतात.

पायवाट

झालंय. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी निष्क्रिय माणसाला व्यायामाच्या कार्यक्रमाकडे पाठवायच्या योजना पुष्कळ चालल्या होत्या. कल्पना कुणालाही आवडेल अशीच. तिथल्या आरोग्यसेवेला मार्गदर्शक सूचना देणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं पुरावा तपासला आणि २०१४ साली सांगितलं की ज्यांना दुसरा काही आजार नाही, फक्त हालचाल कमी आहे, अशांसाठी या योजनांवर पैसे घालू नका. नुसता थोडक्यात सल्ला देण्याच्या तुलनेत मिळणारी भर फार लहान होती. ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठीची दारं उघडी ठेवली. लोकप्रिय गोष्टीबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

आणि शिफारस मागे घेण्याचंही उदाहरण आहे. २०१० च्या जागतिक शिफारशींत हालचाल सलग किमान १० मिनिटांची असावी अशी अट होती. पुढचे अभ्यास आल्यावर २०२० साली ती काढली. आता जिना चढण्याची दोन मिनिटंही धरतात. म्हणजे मॉरिस यांच्या वाहकाच्या पायऱ्या आता कुठे अधिकृतपणे हिशेबात आल्या.

दहा हजार पावलांचंही तेच. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, संशोधनातून नव्हे. २०१९ साली सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास आला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होतं, आणि सुमारे ७,५०० नंतर जास्तीचा फायदा दिसेनासा झाला. एका अभ्यासावर सगळं ठरत नाही, पण ज्येष्ठांसाठी फलक लिहिताना तरी मी दहा हजार हा आकडा घालू देत नाही. आधीच थकलेल्या माणसाला अशक्य आकडा दाखवला की तो दारातच बसतो.

उलटतपासणी

मान्य. दिवेलागण यांचा प्रतिसाद वाचून माझा 'ज्याचा त्याचा प्रश्न' मी मागे घेतो. पण मग निदान खर्चाच्या आधी मोजणी सक्तीची का करत नाहीत? देशोदेशींची धोरणं तर असतील ना?

पायवाट

कागदावर आहेत, तीही सगळीकडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा कृती आराखडा २०१८ साली आला. २०३० पर्यंत निष्क्रियता १५ टक्क्यांनी कमी करायची, त्यासाठी २० धोरणात्मक कृती. २०२२ च्या त्यांच्याच अहवालानुसार निम्म्याहून कमी देशांकडे शारीरिक हालचालीचं राष्ट्रीय धोरण आहे आणि त्यातलीही ४० टक्क्यांहून कमी धोरणं प्रत्यक्ष चालू आहेत. चालणं-सायकल सुरक्षित करणारी रस्तारचनेची मानकं ४० टक्क्यांच्या थोड्या वर देशांत. त्यामुळे चौरस्ता यांच्यासारख्या माणसाच्या टेबलावर आरोग्याची गोष्ट पोचते की नाही, यावर खूप काही अवलंबून आहे. हालचालीच्या बहुतेक किल्ल्या आरोग्य खात्याकडे नाहीतच. त्या वाहतूक, नगररचना आणि शिक्षण खात्याकडे आहेत.

शहरानं धरून ठेवलं तर काय होतं याचं उदाहरण कोलंबियाची राजधानी बोगोता. १९७४ पासून तिथे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना मोकळे देतात, आज सुमारे १२० किलोमीटर. पुरावा नंतर जमला, पण जमला, कारण मोजायला दर आठवड्याला तीच गोष्ट पुन्हा घडत होती.

चौरस्ता

कामाचं विचारतो. आमच्याकडे एका रस्त्याचा पदपथ रुंद करायचंय, खोदकाम दोन महिन्यांनी. मोजणीला वेगळी तरतूद नाही, माणसं माझीच दोन. काय करू?

मोजपट्टी

दोन माणसं पुरे. वार आणि तास ठरवा आणि नंतरही तेच ठेवा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक. पाऊस किंवा परीक्षांचे दिवस असतील तर नंतरची मोजणीही तशाच दिवसांत घ्या. ज्याचं काम होणार नाही असा साधारण तसाच दुसरा रस्ता निवडा आणि तोही मोजा. हे सोडू नका, कारण सगळ्या शहरातच चालणं घटलं किंवा वाढलं तर तुम्हाला कळणार कसं? स्त्री, पुरुष, मूल, ज्येष्ठ, चाकाची खुर्ची वेगवेगळे लिहा. पदपथावरून गेले की खाली उतरून गाड्यांमधून, तेही लिहा. नंतरची मोजणी एका वर्षानं आणि दोन वर्षांनी, आणि दुसरीची तारीख आत्ताच कामाच्या आदेशात घालून ठेवा. तुमची बदली झाली तरी ती कागदावर राहील.

दिवेलागण

आणि एक मोजणी दिवे लागल्यावर.

चौरस्ता

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. मोजणी सुरू केली. दोन वर्षांनंतरची तारीख आदेशात घातली, सही झाली. अंधारातली मोजणी मी स्वतः घेतो.

काल संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत ओलांडायच्या जागी आले. पदपथाच्या कडेला उभे राहिले. एक पाय खाली ठेवला, मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. मी घड्याळ बघत होतो, चार मिनिटं झाली. मग ते वळले आणि आल्या वाटेनं परत गेले. माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता. ना ते चालणाऱ्यांत, ना ओलांडणाऱ्यांत. रात्री तक्ता पुन्हा आखला आणि शेवटी एक उभा रकाना वाढवला: 'परत गेले'. आज सकाळच्या दोन तासांत त्यात अकरा रेघा पडल्या.